चावी दिली म्हणजे नावही दिलं!



"गाडी जरा देतोस काय रे? संध्याकाळपर्यंत आणून लावतो."

अनगोळात राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. अमावस्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जायचं असतं. सौंदत्तीला यल्लम्माला जायचं असतं. कुणाला दवाखान्यातून घरी आणायचं असतं, कुणाकडे निपाणीचे पाहुणे पोरगी बघायला येणार असतात. शेजारच्या मामांची गाडी दारात उभी असते, आपल्याला चालवायला येते, चावी मिळते. आपल्या धंद्यात तर हे रोजचंच आहे. पहाटे मालवण-वेंगुर्ल्याकडून किंवा गोव्याकडून मासळी आली, टेम्पोचा ड्रायव्हर आजारी पडला, की जो हाताशी असेल तो स्टेअरिंगवर बसतो. बर्फ वितळायला लागल्यावर कागदपत्रं कोण बघत बसणार?

गाडी मागणं आणि देणं याच्या आम्ही अजिबात विरोधात नाही. माणसं एकमेकांना धरून राहतात ती अशीच. पण गाडी कुठं धडकली की पहिलं वाक्य काय येतं, तेही आपल्याला पाठ आहे. "विमा हाय की, कंपनी बघून घेईल!" आमचं म्हणणं आहे की हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी घरं बसतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा.

विमा एकच असला तरी त्याचे कप्पे तीन आहेत. ज्याला धडक बसली त्याचा एक, गाडीचा एक आणि चालवणाऱ्याच्या जिवाचा एक. हे तिन्ही एकच समजले जातात, तिथंच घोटाळा होतो.

पहिला कप्पा समोरच्याचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. आपल्याकडे विमा गाडीवर असतो. मालकाच्या परवानगीनं दुसरा कुणी चालवत असेल आणि त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन असेल, तर विमा लागू राहतो. समोरचा माणूस गेला किंवा जखमी झाला तर त्याची भरपाई कंपनीला द्यावी लागते. त्याच्या गाडीच्या किंवा भिंतीच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत ती साडेसात लाखांची असते, दुचाकीला एक लाखाची. इथपर्यंत "कंपनी बघून घेईल" हे खरं आहे.

पण चूक कुणाची, याची दोन उत्तरं आहेत. पोलीस केस होते ती चालवणाऱ्यावर. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ती शिक्षा कुठली विमा कंपनी भोगायला येत नाही. भरपाईची जबाबदारी मात्र चालवणाऱ्याबरोबर मालकावरही येते. गाडी तवंदी घाटात धडकली तेव्हा मामा अनगोळात चहा पीत बसले असले, तरी दाव्यात त्यांचं नाव येणारच. चावी दिली म्हणजे नावही दिलं, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणि लायसनच नसेल तर? तेव्हा कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे मदत म्हणून चावी देणाऱ्याच्या घरावर वसुली येते. शिवाय लायसन नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अठरा वर्षांखालच्या पोरानं अपघात केला तर कलम १९९-अ लागतं. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. "पोरगं गल्लीतल्या गल्लीत फिरवतंय, काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

यात मालकाला एक आधारही आहे. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की नुसतं लायसन खोटं निघालं म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, मालकाची बेपर्वाई होती हे कंपनीनं दाखवायला पाहिजे. नंतरच्या निकालांतही हेच सांगितलंय, की मालकानं लायसन बघितलं, माणसाला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर त्यानं आरटीओत जाऊन ते खरं की खोटं तपासत बसावं अशी अपेक्षा नाही. म्हणून चावी देण्याआधी लायसन मागून बघा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. यात कुणाचा अपमान नाही. सख्खा मेहुणा असला तरी बघा.

दुसरा कप्पा गाडीचा. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडीच्या दुरुस्तीला कंपनीकडून एक रुपयाही येत नाही. ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो तो असेल तर दुरुस्ती मिळते, दुसरा चालवत असला तरी मिळते, फक्त लायसन पाहिजे आणि दारू प्यालेला नको. पण 'फुल' म्हणजे सगळं नव्हे. १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले हजार रुपये मालकाचे, त्यापुढच्या कारला दोन हजार. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत कापली जाते. झिरो डेप घेतलं असेल तर ही कपात बरीच टळते.

खरी चाट बसते ती नो क्लेम बोनसला. एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के होते. एक क्लेम झाला की पुन्हा शून्य. समजा मामांचा गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता सुटीशिवाय दहा हजार आहे आणि ते पाचच हजार भरत होते. तुमच्या एका धडकेनंतर ते दहा भरणार, आणि पूर्वीच्या सुटीवर परत यायला त्यांना पाच वर्षं लागणार. गॅरेजमधून गाडी चकाचक करून आणली आणि "मामा, तुमचा एक पैसा लागू दिला नाही" असं म्हणून चावी ठेवली, तरी मामांचे पैसे गेलेत. ते बोलत नाहीत एवढंच. अशा न बोललेल्या हिशोबातूनच पुढं दोन घरांचं येणंजाणं बंद होतं.

आपल्यात जुनी रीत आहे. दुसऱ्याचं जाळं मागून आणलं आणि ते फाटलं, तर विणूनच परत करायचं. मालकानं तोंड उघडायची वाट बघायची नाही. गाडीलाही तीच रीत लावा. वरचे हजार-दोन हजार, कापलेले पैसे आणि बुडालेली सूट, हे सगळं ज्यानं गाडी नेली त्यानं आपणहून द्यावं. खरचटण्याएवढं नुकसान असेल तर क्लेमच करू नका, पदरचे पैसे घालून करून द्या.

आता तिसरा कप्पा. हा लेख लिहायला घेतला तो यासाठी. चालवणाऱ्याच्या जिवाचं काय?

आपल्या बायकांच्या अंगावरचं इरकल लुगडं ज्या गावाचं, त्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलजवळची गोष्ट आहे. एक माणूस ओळखीच्याची मोटारसायकल मागून घेऊन इलकलहून आपल्या गावी, गुडूरला निघाला होता. पुढं लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी होती. ती अचानक थांबली आणि तो तिच्यावर आदळला. जीव गेला. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००९ साली निकाल आला. गाडी मागून घेणारा हा तेवढ्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा असतो. मालक स्वतःच्याच गाडीविरुद्ध भरपाई मागू शकत नाही, मग त्याच्या जागी उभा असलेलाही मागू शकत नाही. ज्या कलमाखाली दावा होता तो कोर्टानं मान्य केला नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळू शकतं का हे बघायला प्रकरण परत हायकोर्टात पाठवलं.

चूक स्वतःची असेल तर वाट आणखी बिकट होते. अरसीकेरेच्या रस्त्यावर २०१४ साली कार उलटून चालवणारा गेला. घरच्यांनी ८० लाख मागितले. चालवणाऱ्याच्याच बेफिकिरीनं अपघात झाला म्हणून हायकोर्टानं नाही म्हटलं, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. स्वतःच्या चुकीची भरपाई वारसांना मागता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, "पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा असतोय की!" असतो. २०१८ च्या शेवटी ही रक्कम पंधरा लाख झाली. पण त्याचं नाव नीट वाचा. तो 'ओनर-ड्रायव्हर'चा आहे. आरसीवर ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन, त्या माणसासाठी तो आहे. मागून नेणाऱ्याचं नाव त्यात कुठंच नसतं.

इथं आमचं कायदा करणाऱ्यांशी आणि विमा कंपन्यांशी भांडण आहे. मालक स्वतःच्या चुकीनं झाडावर आदळला तरी त्याच्या घरच्यांना पंधरा लाख मिळतात. तिथं चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. त्याच गाडीत, त्याच मालकाच्या परवानगीनं, चालू लायसन घेऊन बसलेला शेजारी त्याच झाडावर आदळला, तर त्याच्या घरच्यांनी हात हलवत परत यायचं. भरपाई मागायला गेलं की "तू मालकाच्या जागी आहेस" म्हणून दार बंद. मग अपघात विमा मागायला गेलं की "तू मालक नाहीस" म्हणून दुसरंही दार बंद. एकाच माणसाला दोन्ही दारांवर दोन वेगळी नावं कशी?

सुप्रीम कोर्टानं २०२० साली राजस्थानातल्या अशाच एका प्रकरणात थोडी वाट दाखवली आहे. तिथंही मोटारसायकल मागून नेलेली होती. भरपाईचा दावा नाकारला, पण पॉलिसीतल्या अपघात विम्याचे तेव्हाचे एक लाख रुपये घरच्यांना द्यायला सांगितले. तोट्याला जो मालकाच्या जागी धरला, तो लाभालाही त्याच जागी धरावा, एवढंच आमचं म्हणणं आहे. हे कोर्टात भांडून मिळण्याऐवजी प्रत्येक पॉलिसीत साध्या भाषेत छापलेलं असावं. हप्ता वाढेल असं कंपन्या म्हणतील. वाढू दे थोडा. वर्षाला शे-दीडशे जादा भरायला आपला माणूस कुरकुर करणार नाही, पण आपण भरतोय ते कशासाठी हे त्याला कळलं पाहिजे.

त्याच राजस्थानच्या निकालात आणखी एक धडा आहे. समोरून दुसरी मोटारसायकल येऊन धडकली होती, आणि घरच्यांनी दावा मात्र आपण चालवत होतो त्याच गाडीच्या कंपनीवर लावला. समोरच्याची चूक असेल तर दावा समोरच्या गाडीवर लावायचा. तिथं तुम्ही चालवत होता ती गाडी स्वतःची की मागून आणलेली, याचा फरक पडत नाही. आणि आपण सीमेवरचे लोक. गाडी केए-२२, धडक कोगनोळीच्या पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात, समोरची गाडी एमएच-०९. म्हणून कोल्हापूरला खेपा घालत बसायची गरज नाही. आपण जिथं राहतो तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही दावा लावता येतो, म्हणजे बेळगावातही. फक्त उशीर करू नका, कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

सीमाभागाचं आणखी एक दुखणं आहे. कोल्हापूरकडची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतात, आणि आरसी वर्षानुवर्षं जुन्याच मालकाच्या नावावर राहते. "एनओसी कोण आणत बसणार?" अहो, तुम्ही पैसे मोजलेत म्हणून तुम्हाला ती आपली वाटते, पण कागदावर तुम्ही रोज दुसऱ्याचीच गाडी चालवताय! पंधरा लाखांचा विमा तुम्हाला नाही, कारण आरसीवर तुमचं नाव नाही. आणि विकणारा सुटला असंही नाही. ज्याचं नाव नोंदणीत तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. अपघात तुमच्या हातून, आणि नोटीस कोल्हापूरच्या त्या बिचाऱ्याला. दोघांनीही नाव बदलून घ्या. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांची मुदत असते.

आता आपल्या टेम्पोचं. यात आनंदाची बातमी अशी, की ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की कारचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन असलेला माणूस ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडीही चालवू शकतो. म्हणजे छोटा हत्ती आणि पिकअप चालवणाऱ्याचं लायसन 'कारचं आहे' एवढ्या कारणावरून आता क्लेम अडायला नको.

पण मागं हौद्यात बसणाऱ्यांचं काय? मालगाडीत आपल्या मालाबरोबर बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस, याला विमा लागतो. मासळीच्या क्रेटबरोबर बसलेली मावशी तिच्याच मासळीबरोबर असेल तर ठीक. पण "बाजारापर्यंत सोड रे" म्हणून चढलेला, किंवा यल्लम्माला निघालेली अख्खी गल्ली, यांना मालगाडीचा विमा लागत नाही. सुप्रीम कोर्टाचं हेच मत आहे. तसंच पांढऱ्या पाटीची कार भाड्यानं मारली तर तोही पॉलिसीचा भंग. पुण्य करायला गेलात आणि दावा मालकाच्या डोक्यावर बसला असं नको.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. अपघात झाल्यावर "लायसनवाला चालवत होता असं सांगूया" हा सल्ला देणारे गल्लीत चार तरी भेटतात. ऐकू नका. आजकाल प्रत्येक टोलनाक्यावर आणि पेट्रोल पंपावर कॅमेरा आहे. खोटं उघडं पडलं तर क्लेम जातोच, वर खोटी माहिती दिल्याची केस दोघांवर. आधी जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना आणि कंपनीला कळवा, आणि जे झालं तेच सांगा.

मग करायचं काय? गाडी देणाऱ्यानं चावी देण्याआधी लायसन आणि विम्याची तारीख बघायची, अगदी दोन मिनिटांचं काम. घरातला मुलगा किंवा भाऊ नेहमी गाडी नेत असेल, तर त्याच्या नावाचा अपघात विमा पॉलिसीत वाढवून मिळतो का, ते एजंटला विचारायचं. आणि गाडी मागणाऱ्यानं दुसऱ्याच्या पॉलिसीच्या भरवशावर घरातून निघायचं नाही. आपला विमा आपल्या अंगावर पाहिजे, मग गाडी कुणाचीही असू दे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला फक्त २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे अखेरीला खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी पाच लाखांचा सामूहिक अपघात विमा आहे. त्याचा हप्ता सरकार भरतं. आपलं नाव यादीत आहे का आणि रस्त्यावरच्या अपघाताला त्याच्या अटी काय आहेत, हे विचारायला सोसायटीत या. लाजू नका.

मंडळी, गाडी देणारे हात आपल्या गल्लीत अजून आहेत, हे आपलं भाग्य. एखाद्या धडकेनं ते हात आखडते होऊ नयेत म्हणून हे लिहिलं. पुढच्या वेळी कुणी "गाडी देतोस काय?" म्हणालं तर "देतो की, लायसन दाखव" असं हसत म्हणा. आणि मागणारे आपण असलो, तर त्यांनी विचारायच्या आधीच दाखवा.

पटलं तर आपल्या गल्लीच्या ग्रुपवर टाका. विशेषतः त्या मामांना पाठवा, ज्यांची गाडी तुम्ही नेहमी नेता.